विसाव्याचा टप्पा

तुमच्या मोबाईलमध्ये सोळा आठवड्यांचं वेळापत्रक आहे. मंगळवारी चढाचे फेरे, गुरुवारी तासभर सपाटीवर, शनिवारी तीन तास डोंगर आणि रविवारी शनिवारच्या थकल्या पायांनी पुन्हा दोन तास. डिसेंबरातल्या सिंहगड-राजगड-तोरणा या पन्नासेक किलोमीटरच्या डोंगरशर्यतीचे पैसे भरून झालेत. वेळापत्रकातली निम्मी घरं लाल आहेत. लाल म्हणजे चुकलेली. एका लाल घरामागे न जुळलेली कॅश, दुसऱ्यामागे पीककर्जाच्या नव्या-जुन्याची रांग, तिसऱ्यामागे मेहुण्याच्या पोरीची सुपारी.

बीडच्या बँकेत दिवसभर खुर्ची झिजवणाऱ्या माणसाला हे उद्योग सांगितलेत कुणी, हे घरात विचारून झालंय. तुमचं उत्तर ठरलेलं आहे. वेळच मिळत नाही हो, नाहीतर दाखवलं असतं.

आज कार्तिकातला शनिवार. पहाटे साडेचारला तुम्ही मांजरसुंब्याला एका बंद हॉटेलापुढं मोटारसायकल लावता आणि कपिलधारच्या उताराला लागता. खाली मन्मथस्वामींची समाधी आहे, धबधबा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला लांबलांबून दिंड्या पायी येतात, कर्नाटक-तेलंगणातूनही. तुमचा बेत साधा आहे : खाली जायचं, वर यायचं, चार वेळा. पायात महागडे बूट, डोक्याला पट्ट्यात अडकवलेला दिवा, खिशात राजगिऱ्याची चिक्की. मोज्यांत आत्ताच कुसळं घुसलीत.

वळणावर दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल हळू होते. "कोणी मागं लागलंय का, साहेब?"

"नाही हो, सराव चाललाय."

"असं व्हय," म्हणत तो जातो. त्याचा आवाज विझतो न विझतो तोच तुमचा दिवाही दोन गचके खातो आणि विझतो.

अंधारात घुंगरं वाजतात.

आधी वाटतं बैलगाडी असावी. पण चाकांची करकर नाही, आणि घुंगरं पावलांच्या ठेक्यात पडतायत. खालून मशालीचा उजेड वर चढत येतो. त्या उजेडात एक माणूस, कासोटा घट्ट, पाय अनवाणी, खांद्यावर काठी. काठीच्या एका टोकाला भाल्याचं पातं आणि घुंगरांचा झुबका, दुसऱ्या टोकाला थैली. मुलूख निजामाचा आहे आणि साल १८८०च्या आगंमागं. निजामाच्या राज्यानं १८६९ साली स्वतःची टपालतिकिटं काढली. ती चिकटवलेली पत्रं या गड्याच्या खांद्यावरून गावोगाव जातात. घुंगरं सापा-जनावरांसाठी आणि पुढच्या चौकीवरच्या माणसाला जाग यावी म्हणूनही.

तो थांबत नाही. तुम्हीच वळून त्याच्या बाजूनं चढायला लागता. पहिल्या शंभर पावलांत तुम्हाला कळतं की हा माणूस जोरात पळत नाहीये. चढ आला की आखूड पावलं, सपाटी आली की लांब. टाच जवळजवळ टेकतच नाही. श्वास नाकातून. तुमच्या मनगटावरचं घड्याळ नाडी एकशे सत्तर दाखवतंय आणि तो मशालवाल्याशी बोलत चाललाय.

"दादा, रोज किती पळता?"

"टप्प्याएवढं."

"टप्पा झाल्यावर?"

तो तुमच्याकडं अशा नजरेनं बघतो, जशी आपण बँकेत 'व्याज म्हणजे काय' विचारणाऱ्याकडं टाकतो. "पुढं दुसरा गडी हाय की."

चौकी येते. म्हणजे एक छप्पर, एक रांजण आणि दारात कंबर कसून उभा असलेला दुसरा माणूस. थैली या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते, घुंगरं पुन्हा सुरू होतात आणि पलीकडच्या अंधारात लहान होत जातात. आपला गडी रांजणातलं पाणी पायांवर ओततो, तळव्यातला एक काटा दुसऱ्या काट्यानं काढतो, फडक्यातली भाकरी खातो आणि भिंतीला पाठ लावून झोपतो. परतीची थैली येईपर्यंत तो उठणार नाही. उठवायचं नाही, असा इथला रिवाज आहे.

पेशवाईतल्या जासुदांच्या दौडी ऐकून आपण माना डोलावतो. एकटा माणूस, एकच दम, शेकडो कोस! ऐकायला बरं वाटतं. पण टपालाचं रोजचं काम एका छातीच्या जोरावर कधीच चाललं नाही, ते टप्प्यांवर चाललं. ज्यानं कुणी हे टप्पे आखले, त्याला शरीर कळत होतं. पळणाऱ्याला पगार द्यायचा तर त्याच्या झोपण्याची जागाही बांधायला लागते, एवढं त्याला ठाऊक होतं. तुमच्या सोळा आठवड्यांच्या कागदावर अशी एक तरी चौकी आहे का, ते बघून ठेवा. आपल्याला पुढं जायचंय.

दुसऱ्या वळणावर डोळ्यांवर हेडलाइटचा झोत येतो. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. पत्र्याच्या पेट्या, बाजा, पाण्याचे ड्रम, खुराड्यात कोंबड्या, एक शेळी आणि या सगळ्याच्या वर माणसं. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्हा असा रात्रीचा ऊसतोडीला निघतो. तुम्हाला कुणीतरी हात देऊन वर ओढतं. झोत विझतो तेव्हा तुम्ही घाटात नसता. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी नदीकाठच्या फडात उभे असता.

साल कोणतं, ते विचारू नका. १९७५ म्हटलं तरी चालेल, १९९५ म्हटलं तरी चालेल. गाडी बैलांची की ट्रॅक्टरची, आणि मुकादम निरोप पाठवतो की फोन करतो, एवढाच फरक. काळ मागंपुढं करणारा हा प्रवास या एका रानात अडकल्यासारखा होतो.

रात्रीचा एक. कोप्यांच्या रांगेतून हाक फिरते, "गाडी आली, गाडी आली!" माणसं उठतात. दिवसभर तोडलेला ऊस मोळ्या बांधून पडलाय, तो आता गाडीत चढवायचा. गाडीला एक फळी लावलीय, दोन वितींची रुंदी, दवानं निसरडी. एक बाई डोक्यावर चुंबळ ठेवते, दुसरी तिला मोळी उचलून देते, आणि ती फळी चढते. वर मोळी टाकते, उतरते, पुन्हा चुंबळ नीट करते. तुम्ही मोजायला लागता, कारण तुम्हाला मोजायची सवय आहे.

इथं माणसं माणशी मोजत नाहीत, कोयत्यानं मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एका कोयत्याची दिवसाची तोड दोन टनांच्या घरात. मोळी चाळीस किलोची धरली तर दोन टनांच्या पन्नास मोळ्या. म्हणजे पन्नास वेळा, डोक्यावर चाळीस किलो घेऊन, एका फळीवरून चढायचं. तेही पहाटे चारला उठून, स्वयंपाक उरकून, दिवसभर वाकून कोयता चालवल्यावर. तुमच्या मंगळवारच्या रकान्यात 'चढाचे फेरे : १२' असं लिहिलंय. मोकळ्या हातांनी.

वेळापत्रकाच्या हिशेबानं बघितलं तर जगातली पहिल्या नंबरची डोंगरधावपटू हीच बाई व्हायला हवी. चढ आहे, ओझं आहे, सातत्य तर असं आहे की सहा महिन्यांत एकही घर लाल नाही. तिला लाल घर परवडत नाही. उचल घेतलेली आहे आणि खाडा पडला तर तो पैशांत कापला जातो. पण तिशीतच तिची कंबर गेलीय. असं का झालं, याचं उत्तर फळीवर सापडत नाही, कोपीत सापडतं. गाडी भरून होते तेव्हा तीन वाजलेले असतात आणि चारला चूल पेटते.

कष्टानं शरीर घडतं असं आपण शाळेत लिहून आलो. ते अर्धंच खरं आहे. कष्टानं शरीर आधी मोडतं, तंतू तुटतात. ते जोडले जातात नंतर, पोटात भाकरी-डाळ आणि डोळ्यांवर झोप असेल तेव्हा. जोडायला वेळ मिळाला तर त्याला सराव म्हणायचं, नाहीतर झीज. बीड जिल्ह्यात पहिल्याला बक्षीस मिळतं आणि दुसऱ्याला आगाऊ उचल.

फडातून निघताना पुण्याला क्षणभर थांबू. साल १९१९, डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक शर्यती. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी अनवाणी लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेत. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा बघतायत. या लोकांना शर्यतीचे नियम माहीत नाहीत, तंत्र माहीत नाही, तरी वेळ युरोपातल्या पट्टीच्या धावपटूंच्या जवळ जाणारी. टाटांनी खटपट केली, पदरचे पैसे घातले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पाय इथं आधीपासूनच होते. कुणीतरी त्यांच्या जेवणाचा आणि प्रवासाचा खर्च उचलला, हे नवीन होतं.

आता परत बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. मांडवा गाव, साल २००१च्या सुमाराचं.

सकाळची वेळ आहे. सहा-सात वर्षांचं एक पोर दप्तर पाठीवर टाकून निघालंय. आईबाप शेतात, शेत पुरत नाही म्हणून वीटभट्टीवरही राबतात. शाळा सहा किलोमीटर. एसटी नाही, सायकल नाही. तुम्ही त्याच्या मागं पळायला लागता. दप्तरातला डबा आणि कंपास खुळखुळ वाजतात. घाटातल्या त्या घुंगरांची आठवण होते. पोर वाट सोडून मधूनच बांधावरून उडी मारतं, कोरड्या ओढ्यात उतरतं, चढतं. तुमचं घड्याळ सांगतं, मोठ्या माणसालाही पेलवणार नाही असा वेग. पोराला घड्याळ माहीत नाही. त्याला प्रार्थनेच्या आत पोचायचंय.

हा अविनाश मुकुंद साबळे, जन्म १३ सप्टेंबर १९९४. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, कारण जिल्ह्यातल्या प्रत्येक सत्कार समारंभात ती सांगितली जाते : पोर शाळेला पळत गेलं आणि थेट ऑलिंपिकला पोचलं. टाळ्या.

मला ही गोष्ट पुरती पटत नाही. त्याच वाटेवर, त्याच सकाळी, आणखी पोरं पळत होती. आष्टी-पाटोदा-शिरूरच्या वाड्यावस्त्यांवर शाळेसाठी चार-सहा किलोमीटर तुडवणाऱ्या पोरांची एक अख्खी पिढी आहे. त्यातली बरीच आता पस्तिशीच्या आसपास असतील आणि काही जण तुम्ही मघाशी ज्या ट्रॉलीत चढलात त्या ट्रॉलीत असतील. गरिबी हे जर प्रशिक्षण असतं तर आपल्या जिल्ह्याकडं पदकं ठेवायला जागा उरली नसती. शाळेच्या वाटेनं त्याला फुप्फुसं दिली असतील. बाकीचं त्याला नोकरीनं दिलं, आणि ही नोकरीची गोष्ट सत्कारात कुणी सांगत नाही.

तर चला नोकरीवर. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटची पाचवी बटालियन. खेळासाठी नाही, घरात पगार यावा म्हणून, जसे आपल्याकडं सगळे जातात. २०१३-१४. तुम्ही सियाचीनला त्याच्या शेजारी उभे आहात. थंडी अशी की पाण्याची बाटली कोटाच्या आत छातीशी धरून झोपायला लागतं. इथं पळणं सोडा, दहा पावलं चढलं की थांबून श्वास गोळा करावा लागतो. नंतर राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. बदल्यांची यादी बघून तुम्ही तुमच्या बँकेवरचा राग थोडा आवरता.

२०१५. सैन्यांतर्गत क्रॉसकंट्रीत तो पहिल्यांदा उतरतो. वय एकवीस. तुमच्या सोसायटीतले पालक मुलाला सातव्या वर्षी अकादमीत घालतात, तेवढ्यासाठी हे वय लक्षात ठेवा. मधे दुखापत, मग वजन वाढलेलं. लष्करी प्रशिक्षक अमरीश कुमार त्याला पुन्हा मैदानावर आणतात. तीन महिन्यांत वीस किलो उतरवलं, असं त्याची कहाणी सांगणारे सांगतात. या तीन महिन्यांत त्याच्या दिवसाकडं नीट बघा. पहाटे पळणं. मग नाश्ता, लंगरमधला, पोटभर. मग झोप. संध्याकाळी पुन्हा पळणं. मग जेवण, मग झोप. पगार चालू. ड्यूटीच पळण्याची. म्हणजे थैली दिल्यावर भिंतीला पाठ लावून झोपणाऱ्या त्या डाकवाल्याची चौकी याला एकशे पस्तीसेक वर्षांनी पुन्हा मिळाली.

२०१७ साली अमरीश कुमार त्याला स्टीपलचेसकडं वळवतात. ही शर्यत तुमच्याच जातकुळीची आहे. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत रानातून, कुंपणं आणि ओढे ओलांडत पळायचं, अशी तिची सुरुवात झाली. नंतर ते रान गुंडाळून मैदानात बसवलं : तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे, सात पाण्याच्या उड्या. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, आणि हर्डलसारखा पडत नाही. पाय लागला तर तुम्ही पडता. म्हणजे बांध आणि ओढा.

२०१८, भुवनेश्वर. ८ मिनिटं २९.८० सेकंद. गोपाल सैनींचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम सदतीस वर्षांनी मोडतो. तुम्ही प्रेक्षकांत बसलाय, पण आजूबाजूला फारशी गर्दी नाही. भारतात या शर्यतीला गर्दी नसते.

बर्मिंगहॅमला मात्र उभंच राहायला लागतं. ६ ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल. १९९४नंतर या शर्यतीचं एकही पदक केनियाबाहेर गेलेलं नाही. शेवटचा फेरा, शेवटचा अडथळा, पुढं अब्राहम किबिवोत. मांडव्याचा गडी आखूड पावलं सोडून लांब पावलांवर येतो. टाच जवळजवळ टेकत नाही. ते बघून तुमच्या पोटात काहीतरी हलतं, कारण हे पाऊल तुम्ही मघाशी मशालीच्या उजेडात बघितलंय. रेषेवर किबिवोत ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद. रौप्य. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरला हांगझोऊत आशियाई सुवर्ण, ८:१९.५०, या शर्यतीत भारतीय पुरुषाचं पहिलं. २०२४ला पॅरिसच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत अकरावा. हे सगळं तुम्ही पेपरात वाचलंय, त्यामुळं भरभर उरकतो.

आणखी एक थांबा, ताजा. जुलै २०२५, मोनॅको. मे महिन्यातच गुमीत आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण घेतलेला साबळे पाण्याच्या उडीवर पडतो. गुडघ्याचा अस्थिबंध जातो, शस्त्रक्रिया होते, त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकते. एवढ्या मोठ्या धावपटूच्या वेळापत्रकात लागोपाठ कित्येक आठवडे लाल घरं. ती घरं भरायची घाई केली तर काय होतं, हे सांगायला त्याच्याजवळ डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत. तुमच्याजवळ एक मोबाईल आहे, जो सकाळी 'तुम्ही मागे पडलात' म्हणतो.

दिवा पुन्हा लागतो. तुम्ही कपिलधारला आहात. झुंजूमुंजू झालंय. धबधब्याचं पाणी कार्तिकात बारीक झालंय, तरी आवाज आहे. रात्री मुक्कामाला आलेल्या एका दिंडीतली माणसं मंडपात ओळीनं झोपलीत, पाय शेजारच्याच्या अंगावर, डोक्यावरून चादर. कितीतरी कोस चालून आलेली. एक म्हातारबुवा तेवढे उठून बसलेत आणि तळव्यांना तेल चोळतायत. तुम्ही गुडघ्यांवर हात टेकवून धापा टाकताय.

"बसा की," ते म्हणतात आणि तेलाची बाटली पुढं करतात. "किती येरझारा घालायच्या ठरवल्यात?"

"चार."

"किती झाल्या?"

तुम्ही घड्याळ बघता. एक झालीय, परतीचा चढ सोडून. काल रात्री बँकेतून यायला नऊ वाजले होते, जेवण दहाला, डोळा लागला साडेअकराला, अलार्म पावणेचारचा. सव्वाचार तास. फडातल्या त्या बाईपेक्षा थोडे जास्त. आणि तुम्हाला ना मुकादम आहे ना उचल. तुमचा मुकादम तुम्हीच नेमलाय.

बूट काढता. मोज्यांतली कुसळं एकेक करून उपटता, बारा-तेरा निघतात. म्हातारबुवांचं तेल करडईचं आहे. तळव्याला लावल्यावर आधी झोंबतं. तुम्ही मोबाईल काढता आणि उद्याच्या रविवारच्या रकान्यातले 'दोन तास' खोडता. तिथं काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून 'चौकी' लिहिता. गुरुवारीही लिहिता. वेळापत्रक बनवणाऱ्याला हा शब्द कळणार नाही, पण त्याला पीककर्जाचं नवं-जुनंही कुठं कळतं?

मग एकदाच वर चढता. आखूड पावलांनी, नाकातून श्वास घेत. वर हॉटेल उघडलेलं असतं, चहा उकळत असतो. दुधवाला कॅन रिकामे करून परत निघालाय, तुम्हाला ओळखून थांबतो.

"लवकर उरकलं आज?"

"हो. टप्पा झाला."

उद्या रविवार आहे. अलार्म बंद करून ठेवा.